एका घराण्याची सुधारित आवृत्ती

आपल्या घराण्याचा इतिहास लिहून ठेवण्याची हौस सगळ्याच समाजांत आढळते. मराठीत बखरी झाल्या, पुढे कुलवृत्तांत झाले. मूळ पुरुष कोण, गाव कोणी वसविले, सनद कोणाला मिळाली, देवालयाला जमीन कोणी दिली, याच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. अशा लेखनाचा एक अलिखित संकेत असतो. उजळ तेवढे लिहावे, काळवंडलेले पान हळूच उलटावे. वाचणाराही बहुधा घरचाच असतो, त्यामुळे त्याची तक्रार नसते. परंतु लिहिणारा जर खराखुरा साहित्यिक असेल, आणि घराण्याच्या गौरवाचा ग्रंथ हातावेगळा करीत असतानाच ते काळवंडलेले पान त्याच्यापुढे येऊन पडले, तर त्याने काय करावे?

पेतेर एस्टरहाझी (१९५०–२०१६) या हंगेरियन कादंबरीकारावर नेमका हा प्रसंग आला. इ. स. २००० साली त्याची ‘हार्मोनिया केलेस्तिस’ ही बृहद् कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि २००२ साली तिला जोडून ‘सुधारित आवृत्ती’ या नावाचे पुस्तक आले. पहिले पुस्तक घराण्याच्या कीर्तीचे, दुसरे एका माणसाच्या अपकीर्तीचे. ही दोन्ही पुस्तके एकापुढे एक ठेवून वाचली म्हणजे घराणे म्हणजे काय, नाव म्हणजे काय आणि वडिलांचा मान राखणे म्हणजे नेमके काय करणे, असे प्रश्न आपल्यालाही टाळता येत नाहीत.

प्रथम त्या घराण्याकडे वळू. हंगेरीच्या सार्वजनिक जीवनात एस्टरहाझी हे नाव चार शतके गाजत आले आहे. या उत्कर्षाचा पाया मिक्लोश एस्टरहाझी यांनी घातला. त्यांचे कुटुंब प्रॉटेस्टंट होते. त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, हॅब्सबर्ग सम्राटांची बाजू धरली आणि १६२५ साली ते हंगेरीचे पॅलाटिन झाले. पॅलाटिन म्हणजे राज्यात राजाच्या खालोखालचा अधिकारी. त्या वेळी देशाचा मध्यभाग तुर्कांच्या ताब्यात होता. मिक्लोश यांचे पुत्र पाल (१६३५–१७१३) यांच्या आयुष्यात ते चित्र पालटले. १६८३ साली व्हिएन्नाचा वेढा उठला, १६८६ साली बुडा शहर मुक्त झाले आणि या धामधुमीत पाल यांनी सम्राटाची पाठराखण केली. १६८१ साली तेही पॅलाटिन झाले होते, १६८७ साली त्यांना साम्राज्याचे राजपुत्रपद मिळाले. ते निष्ठावंत मरियाभक्त होते. १७११ साली व्हिएन्नात त्यांच्या नावावर पंचावन्न भक्तिगीतांचा एक संग्रह छापला गेला. ‘हार्मोनिया केलेस्तिस’, म्हणजे स्वर्गीय सुसंवाद, हे त्याचेच नाव. त्यातल्या किती चाली त्यांच्या स्वतःच्या आणि किती प्रचलित गीतांवरून घेतलेल्या, याविषयी संगीताचे अभ्यासक साशंक आहेत. एका अर्थी घराण्याच्या कीर्तीत उसने किती आणि स्वकष्टार्जित किती, हा प्रश्न त्या पहिल्या ‘हार्मोनिया’पासूनच सुरू होतो.

पुढच्या पिढ्यांनी चर्चला धर्माधिकारी दिले. एस्तेरगोमचे आर्चबिशप इम्रे एस्टरहाझी यांनी १७४१ साली मारिया थेरेसा हिला राज्याभिषेक केला. एगेरचे बिशप कारोय एस्टरहाझी यांनी आपल्या धर्मप्रांतात भव्य विद्यालय उभारले. पण जगाने या घराण्याला ओळखले ते संगीतामुळे. १७६१ साली जोसेफ हायडन हा तरुण संगीतकार त्यांच्या चाकरीत आला आणि जवळपास तीस वर्षे त्याने तेथे काढली. त्याचा करारनामा आज वाचण्याजोगा आहे. त्याने ठरवून दिलेला गणवेश घालावा, पांढरे मोजे आणि केसांना पावडर लावून हजर व्हावे, दिवसातून दोनदा दिवाणखान्याबाहेर आज्ञेची वाट पाहावी, आणि जे संगीत रचील ते फक्त मालकाचे समजावे, त्याची नक्कल दुसऱ्या कोणास देऊ नये. संगीतावरील मालकीचे हे कलम १७७९ सालच्या नव्या करारात गळाले. आश्रयदाता दानशूर होता यात शंका नाही. फेर्तोद येथे त्याने बांधलेल्या प्रासादात ऑपेराचे थिएटर होते, वाद्यवृंद होता, आणि तो नसता तर हायडनला इतक्या निर्वेधपणे प्रयोग करता आले नसते. परंतु त्याच आश्रयदात्याच्या दारात सिंफनीचा जनक म्हणून पुढे ओळखला गेलेला हा माणूस नोकराच्या पोशाखात उभा होता, हेही तितकेच खरे. घराण्याच्या चित्रदालनात पहिले चित्र टांगलेले असते, दुसरे नसते.

विसाव्या शतकात या वैभवाला ओहोटी लागली. लेखकाचे आजोबा मोरित्स एस्टरहाझी १९१७ साली जूनपासून ऑगस्टपर्यंत, जेमतेम दोन महिने, हंगेरीचे पंतप्रधान होते. १९४४ साली हंगेरियन फासिस्टांच्या राजवटीत त्यांची रवानगी माउथाउझेनच्या छळछावणीत झाली. ते तेथून जिवंत परतले, पण १९४५ च्या जमीनसुधारणेत जहागिरी गेल्या, १९४७ साली कायद्याने सरदारी पदव्याही रद्द झाल्या. १९५१ साली साम्यवादी सरकारने जुन्या वरिष्ठ वर्गातील हजारो कुटुंबांना राजधानीतून उचलून खेड्यापाड्यांत नेऊन टाकले. त्यांत हेही कुटुंब होते. पेतेर तेव्हा वर्षाचा होता. त्याचे वडील मात्याश एस्टरहाझी (१९१९–१९९८), पंतप्रधानाचे चिरंजीव, कलिंगडाच्या मळ्यात राबले, लाकडी फरशा बसवीत फिरले, पुढे भाषांतरे करून त्यांनी चार मुले वाढविली. थोरला पेतेर बुडापेस्टमध्ये पियारिस्ट धर्मबंधूंच्या शाळेत शिकला, गणिताचा पदवीधर झाला आणि लेखक झाला. धाकटा मार्तोन फुटबॉलपटू झाला आणि १९८६ च्या विश्वचषक स्पर्धेत हंगेरीकडून खेळला. राजवाडा गेला तरी नाव लोकांच्या तोंडी राहिले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

आता ‘हार्मोनिया केलेस्तिस’विषयी. या कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात क्रमांक घातलेले ३७१ लहानमोठे परिच्छेद आहेत आणि त्या सर्वांचा नायक एकच, ‘माझे वडील’. तुर्काशी लढतात ते ‘माझे वडील’. संगीतकाराला चाकरीत ठेवतात तेही ‘माझे वडील’. कधी ते शूर, कधी भेकड, कधी दानशूर, कधी लंपट, कधी साधू असतात. लेखकाने चारशे वर्षांतल्या सर्व पूर्वजांची नावे पुसून टाकली आहेत आणि प्रत्येकाच्या जागी हा एकच शब्द ठेवला आहे. हंगेरियन भाषेत मुलगा वडिलांसाठी जो शब्द वापरतो त्याचा शब्दशः अर्थ ‘माझा गोड बाप’ असा होतो. राजपुत्र आणि चोर या दोघांनाही तोच लडिवाळ शब्द लागतो तेव्हा वाचक हसतो, आणि थोड्या वेळाने विचारात पडतो.

या युक्तीचे मर्म काय? माझ्या मते ते असे, की लेखकाने इतिहासाला कुटुंबाच्या मापात आणले आहे. सनावळ्या आणि पदव्या गळून पडल्या की माणूस उरतो, आणि माणूस उरला की तो कोणाचा ना कोणाचा बाप असतो. सामान्य वाचकालाही, ज्याच्या घराण्यात पंतप्रधान झाला नाही आणि बिशपही झाला नाही, हे पुस्तक आपले वाटते ते त्यामुळेच. दुसऱ्या भागाचे उपशीर्षक ‘एका एस्टरहाझी कुटुंबाचा कबुलीजबाब’ अशा अर्थाचे आहे. तेथे ही खेळकर गर्दी ओसरते आणि प्रत्यक्षातले एक कुटुंब दिसू लागते. वृद्ध आजोबा, परक्या घरातल्या खोल्या, मळ्यातून थकून येणारे आणि दारूला जवळ करणारे वडील, घर सावरणारी आई. वडिलांची ही प्रतिमा इतकी सोसलेली आणि तरीही इतकी रुबाबदार आहे की वाचक त्यांच्या प्रेमात पडतो. पुढे जे घडले त्याच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

दोष नाहीत असे नाही. पहिला भाग काही ठिकाणी कंटाळवाणा होतो. एकच युक्ती तीनशेहून अधिक वेळा सोसणे कठीण जाते. शिवाय लेखकाने इतर साहित्यिकांचे परिच्छेद नामोल्लेखाविना आपल्या मजकुरात मिसळले आहेत. ही त्याची जाणूनबुजून स्वीकारलेली रीत होती आणि तिचे समर्थन तो करीत असे. तरीही ज्याचे ते त्याला द्यावे, असे वाटणाऱ्या वाचकाला ती खटकल्याखेरीज राहत नाही.

कादंबरीचे काम अनेक वर्षे चालले होते. ते संपता संपता, जानेवारी २००० मध्ये, लेखक बुडापेस्टच्या ऐतिहासिक अभिलेखागारात गेला. साम्यवादी राजवटीतल्या गुप्त पोलिसांचे दप्तर तेथे ठेवलेले होते. आपल्यावर त्या काळी पाळत होती काय, एवढेच त्याला पाहावयाचे होते. त्याच्यापुढे कागदपत्रांची जी बासने आली ती त्याच्यावर पाळत ठेवल्याची नव्हती. ती त्याच्या वडिलांच्या हस्ताक्षरात होती. ‘चनादी’ या टोपणनावाने मात्याश एस्टरहाझी १९५७ पासून १९८० पर्यंत गुप्त पोलिसांना अहवाल लिहून देत होते. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षेही पुरती झाली नव्हती. त्यांच्या स्मृतीला वाहिलेला ग्रंथ छपाईच्या वाटेवर होता, आणि तो त्याच वसंतऋतूत प्रसिद्धही झाला. वाचकांनी तो डोक्यावर घेतला. लेखक सत्कार स्वीकारीत होता, वडिलांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देत होता आणि ती बासने उतरवून काढीत होता.

‘सुधारित आवृत्ती’ या दुसऱ्या पुस्तकात वडिलांच्या अहवालांतले उतारे तांबड्या शाईत छापले आहेत आणि त्यांच्या मध्ये मध्ये लेखकाची टिपणे काळ्या शाईत. अहवालांत काय आहे? कोण कोणाला भेटला, परदेशातून कोणाचे पत्र आले, जुन्या सरदार घराण्यांतला कोण काय बोलला. बरेचसे क्षुल्लक, पण अशा क्षुल्लक नोंदींवरच ती यंत्रणा जगत होती. आपल्या बोलण्याचा उपयोग कशासाठी होईल हे सांगणाऱ्याला कधीच कळत नसे. वाचता वाचता लेखकाला वारंवार रडू येते आणि स्वतःची कीवही येते. त्याचे वर्णन करीत बसण्याऐवजी त्याने दोन अक्षरे ठरवून घेतली आहेत. एक अश्रूंसाठी, दुसरे आत्मकरुणेसाठी. प्रसंग आला की तो ते अक्षर लिहितो आणि पुढे जातो. दुःखाचा फापटपसारा टाळणारी ही काटकसर मला पहिल्या पुस्तकातल्या सगळ्या चमत्कृतींपेक्षा मोलाची वाटते. शब्दांशी आयुष्यभर खेळलेल्या लेखकाचे शब्द येथे संपले आहेत, आणि ते संपल्याचे तो लपवीत नाही.

यावर एक आक्षेप स्वाभाविकपणे येतो, आणि श्रद्धावंत वाचकाच्या मनात तो अधिकच तीव्रतेने येईल. उत्पत्तीच्या पुस्तकातली नोहाची कथा आपल्या परिचयाची आहे. द्राक्षारसाने धुंद होऊन उघड्याने पडलेल्या बापाला एक मुलगा पाहतो आणि बाहेर जाऊन सांगतो. दुसरे दोघे पाठमोरे चालत येतात आणि बापावर वस्त्र घालतात. शाप कोणाच्या वंशाला मिळाला आणि आशीर्वाद कोणाला, हेही आपण जाणतो. मेलेल्या बापाची लाज चव्हाट्यावर मांडणारा हा मुलगा हामच्या पंक्तीत बसत नाही काय? चौथ्या आज्ञेचे काय?

आक्षेप हलका नाही. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी, की या मुलाने बापाचा गौरव आधीच जगजाहीर केला होता. शेकडो पानांची साक्ष त्याने देऊन टाकली होती, आणि वाचकांनी ती खरी मानून त्या माणसावर जीव जडविला होता. साक्ष अपुरी होती असे कळल्यावर गप्प बसणे म्हणजे वस्त्र घालणे नव्हे. ती खोटी साक्ष चालू ठेवणे होय, आणि तिच्याविरुद्धही एक आज्ञा आहेच. गौरव घरातल्या घरात झाला असता तर दुरुस्तीही घरातल्या घरात चालली असती. गौरव छापून झाला, म्हणून दुरुस्तीही छापावी लागली. ‘सुधारित आवृत्ती’ हे वरकरणी रूक्ष, छापखान्यातले शीर्षक म्हणूनच मला नेमके वाटते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. नोहाचे उघडे पडणे हे त्याच्यापुरते होते. मात्याश यांच्या अहवालांत दुसरी माणसे होती. ज्यांच्या घरी ते बसत, ज्यांच्या टेबलावर जेवत, त्यांच्यावरच ते लिहीत. बापाची लाज झाकावी तर त्या माणसांवर झालेला अन्यायही त्याच वस्त्राखाली झाकला जातो. मुलगा बापावर प्रेम करू शकतो, त्याच्यासाठी प्रार्थना करू शकतो. पण ज्यांचा विश्वासघात झाला त्यांच्या वतीने क्षमा करून टाकण्याचा अधिकार त्याला नाही. लेखक ही मर्यादा पाळतो. तो वडिलांचे अपराध सौम्य करीत नाही आणि त्यांचा त्यागही करीत नाही. दोन्ही टोके हातात धरून उभे राहणे ही या पुस्तकाची खरी नैतिक कसरत आहे. उणीव दाखवावयाचीच तर एवढी, की ती इतर माणसे अखेरपर्यंत धूसरच राहतात. बाप आणि मुलगा यांच्या नाट्यात त्यांचे चेहरे आपल्याला पुरते दिसत नाहीत.

काळाचा दाब विसरून चालणार नाही. १९५६ च्या उठावाला रशियन रणगाड्यांनी चिरडले ते नोव्हेंबर महिन्यात. पुढच्या महिन्यांत धरपकड, तुरुंग आणि फाशी यांचे सत्र सुरू झाले. माजी सरदार, चार लहान मुलांचा बाप, सरकारदरबारी ‘वर्गशत्रू’ म्हणून नोंदलेला. अशा माणसापुढे कागद ठेवला गेला. आपण त्या जागी असतो तर, हा प्रश्न प्रामाणिक वाचकाने स्वतःला विचारलाच पाहिजे. परंतु समजून घेणे वेगळे आणि समर्थन करणे वेगळे.

ते वेगळे कसे, हे त्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका माणसाकडे पाहिल्यावर कळते. काउंट यानोश एस्टरहाझी (१९०१–१९५७) हे दुसऱ्या शाखेतले. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचा प्रदेश चेकोस्लोव्हाकियात गेला आणि ते तेथील हंगेरियन अल्पसंख्याकांचे पुढारी झाले. १९३९ नंतर जर्मनीच्या छायेखाली स्वतंत्र स्लोव्हाकिया अस्तित्वात आला. त्याचे अध्यक्ष योझेफ तिसो हे कॅथलिक धर्मगुरू होते, हे वाचताना आपली मान खाली जावी. १५ मे १९४२ रोजी ज्यूंना देशाबाहेर घालविण्यास कायद्याचे रूप देणारा ठराव संसदेपुढे आला. त्या वर्षी सुमारे ५८,००० ज्यू गाड्यांत कोंबून मरणाकडे पाठविले गेले. मतदानाच्या वेळी त्या ठरावाच्या बाजूने हात वर न करणारे सभासद एकच निघाले, यानोश एस्टरहाझी. युद्ध संपल्यावर रशियनांनी त्यांना श्रमछावणीत नेले. ब्रातिस्लाव्हाच्या न्यायालयाने १९४७ साली त्यांच्या अनुपस्थितीत त्यांना देहदंड सुनावला. पुढे तो जन्मठेपेत बदलला. ८ मार्च १९५७ रोजी मिरोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. २०१९ साली क्राकोव येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्याच्या प्रक्रियेचा आरंभ झाला आहे.

१९५७ या सालाकडे लक्ष द्यावे. एक एस्टरहाझी तुरुंगात प्राण सोडतो, त्याच वर्षी दुसऱ्याच्या नावाची गुप्त पोलिसांकडची वही उघडली जाते. नाव एक, रक्त एक, आणि छळणारी सत्ताही एकाच जातकुळीची. तेव्हा धैर्य रक्तातून येते आणि भ्याडपणाही रक्तातून येतो, हा घराणेशाहीचा लाडका सिद्धांत येथे टिकत नाही. तरीही या दोघांना उजेड आणि अंधार अशा दोन खणांत टाकून मोकळे होऊ नये. यानोश यांच्या राजकारणाविषयी स्लोव्हाक इतिहासकारांत आजही तीव्र मतभेद आहेत. त्यांच्या आधीच्या काही भूमिकांवर टीका होते, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. त्या एका दिवशी मात्र त्यांचा हात खाली राहिला. मात्याश यांचीही परीक्षा एका दिवसापुरती असती तर कदाचित ते उत्तीर्ण झाले असते. त्यांची परीक्षा तेवीस वर्षे चालली आणि दर वेळी नवा कागद पुढे आला. हे लिहिताना त्यांना मोकळे सोडण्याचा हेतू नाही. माणसाचा न्याय करताना कापड किती आणि माप किती हे पाहावे, एवढाच आहे.

साहित्यकृती म्हणून ‘हार्मोनिया केलेस्तिस’ अधिक समृद्ध आहे आणि ‘सुधारित आवृत्ती’ अधिक ओबडधोबड. तरी दुसऱ्या पुस्तकावाचून पहिले आता वाचता येत नाही. ‘माझे वडील’ या शब्दात पहिल्या पुस्तकाने राजपुत्र, चोर, वीर, भेकड असे सगळे सामावून घेतले होते. ते सामावणे तेव्हा कल्पनेचा खेळ होते. लेखकाने ज्या शब्दाची जागा इतकी विस्तीर्ण करून ठेवली, त्यात खबऱ्यालाही जागा द्यावी लागेल हे त्याला ठाऊक नव्हते. ती वेळ आली तेव्हा त्याने शब्द मागे घेतला नाही. खबऱ्यालाही तो ‘माझे वडील’च म्हणत राहिला. मला चौथ्या आज्ञेचे पालन दिसते ते येथे.

संत मत्तय आपल्या शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीने करतो. नाताळच्या सुमारास ती चर्चमध्ये वाचली जाते आणि आपण ती लांबलचक नावे जरा अधीरपणेच ऐकतो. त्या नावांत तामार आहे, राहाब आहे, आणि उरीयाच्या पत्नीचा उल्लेख असा केलेला आहे की दाविदाचे पाप कोणाला विसरता येऊ नये. जगातल्या सर्वांत थोर वंशवृक्षाच्या या फांद्या छाटलेल्या नाहीत.